अंगावर काढलेले दुखणे

पाठ-परिचय

'दुखणे अंगावर काढणे' हा मराठीतील एक रूढ वाक्प्रचार आहे. आजार झाला असूनही औषधोपचार न करता तो तसाच सोसत राहणे, असा त्याचा अर्थ. ताप, खोकला, सांधेदुखी अशी दुखणी पैशाअभावी किंवा वेळेअभावी अंगावर काढली जातात. काही दुखणी मात्र केवळ लाजेपोटी अंगावर काढली जातात. लैंगिक संबंधांतून संक्रमित होणारे आजार हे त्यांपैकी प्रमुख होत. हे आजार कशामुळे होतात, ते ओळखणे अवघड का असते, त्यांवर उपचार कोणते आणि त्या उपचारांच्या आड संकोच कसा येतो, याचे विवेचन प्रस्तुत पाठात केले आहे.

हथखोजमधील एक खोली

छत्तीसगड राज्याच्या दुर्ग जिल्ह्यात भिलाई हे पोलादनगर वसले आहे. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारलेल्या येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. या मोठ्या कारखान्याच्या आसऱ्याने भोवताली लहानमोठे अनेक उद्योग वाढले. हथखोज हे अशाच अवजड उद्योगांचे क्षेत्र होय. लोखंड कापणे, जोडणे, ओतणे, घडवणे अशी कष्टाची कामे येथे चालतात. माल आणणाऱ्या आणि नेणाऱ्या ट्रकांची ये-जा सुरू असते. अशा ठिकाणी काम करणारे कितीतरी लोक घरापासून दूर, चार-पाच जण मिळून भाड्याच्या एका खोलीत राहतात. विदर्भातील माणसाला हा मुलूख परका नाही. १९५६ पर्यंत दुर्ग आणि विदर्भ एकाच प्रांतात होते आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती.

अशा खोलीत राहणाऱ्या, विदर्भातील एखाद्या खेड्यातून आलेल्या विवाहित कामगाराची कल्पना करावी. एके दिवशी आंघोळ करताना त्याला जननेंद्रियावर एक लहानसा व्रण दिसतो. तो दुखत नाही. सोबत्यांना सांगावे तर ते चेष्टा करतील, अशी त्याला भीती वाटते. सरकारी दवाखान्यात जावे तर रांगेत उभे राहून काय झाले ते सांगावे लागेल. शेवटी भिंतीवर रंगवलेली 'गुप्तरोगावर खात्रीचा इलाज' ही जाहिरात वाचून तो एका भोंदू वैद्याकडे जातो आणि पैसे मोजून पुड्या आणतो. तीन-चार आठवड्यांत व्रण नाहीसा होतो. औषध लागू पडले, असे समजून तो निश्चिंत होतो. दिवाळीला गावी जाऊन येतो. पुढे पत्नीला दिवस जातात. सातव्या महिन्यात तिला मृत मूल होते. घरातील माणसे दैवाला दोष देतात. तो व्रण आणि हे मूल यांचा काही संबंध असेल, हे त्या घरात कोणाच्याही मनात येत नाही.

हे उदाहरण कल्पित असले तरी त्यातील आजार कल्पित नाही. त्याचे नाव उपदंश. त्या पुड्यांनी काहीच केलेले नव्हते. उपदंशाचा पहिला व्रण औषधाविनाही तीन ते सहा आठवड्यांत भरून येतो. व्रण जातो, जंतू मात्र शरीरात राहतात.

नावांमागचा संकोच

एखाद्या रोगाला समाज कोणते नाव देतो, यावरून त्या रोगाकडे पाहण्याची समाजाची दृष्टी कळते. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या आगमनानंतर उपदंश भारतात पसरला. त्या शतकातील 'भावप्रकाश' या आयुर्वेदाच्या ग्रंथात भावमिश्राने त्याला 'फिरंग रोग' म्हटले, म्हणजे फिरंग्यांचा रोग. युरोपातही निराळे घडले नव्हते. इटलीतील लोक त्याला फ्रेंचांचा रोग म्हणत, तर फ्रेंच लोक त्याला नेपल्सचा रोग म्हणत. प्रत्येक समाजाने हा रोग दुसऱ्याचा आहे, असेच सांगितले.

मराठी बोलीत उपदंशाला 'गरमी' आणि त्याच गटातील दुसऱ्या एका आजाराला 'परमा' ही नावे रूढ झाली. या साऱ्या आजारांना मिळून 'गुप्तरोग' म्हटले जाऊ लागले. हा शब्द प्रथम शरीराच्या झाकलेल्या भागाचा निर्देश करणारा होता. परंतु हळूहळू 'लपवून ठेवण्याचा रोग' असाच त्याचा अर्थ होऊन बसला. वैद्यकशास्त्र आज 'लैंगिक संक्रमण' किंवा 'लैंगिक संबंधांतून पसरणारे आजार' असे शब्द वापरते. त्यांत रोग कसा पसरतो एवढेच सांगितलेले असते. रोग्याच्या चारित्र्यावर अभिप्राय नसतो.

कारणे आणि प्रसार

हे आजार पापामुळे, शापामुळे, उष्ण पदार्थ खाल्ल्यामुळे किंवा अंगातील उष्णता वाढल्यामुळे होत नाहीत. ते सूक्ष्म जंतूंमुळे होतात. परम्याचा जंतू जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट नायसर यांनी १८७९ साली शोधला. उपदंशाचा मळसूत्रासारखा दिसणारा जंतू १९०५ साली शाउडिन आणि हॉफमन यांनी शोधून काढला. लैंगिक संबंधांतून पसरू शकणारे तीसहून अधिक जीवाणू, विषाणू आणि परजीवी आज ज्ञात आहेत. त्यांपैकी आठ अधिक आढळतात.

या आठांचे दोन गट पडतात. उपदंश, परमा, क्लॅमिडिया आणि ट्रिकोमोनियासिस हे चार आजार योग्य औषधाने पूर्ण बरे होतात. यकृतशोथ-ब, जननेंद्रियांवरील हर्पिस, एचआयव्ही आणि ह्यूमन पॅपिलोमा विषाणू ही चार संक्रमणे विषाणूंमुळे होतात. एचआयव्ही व हर्पिस यांचे विषाणू शरीरातून समूळ काढून टाकणारे औषध नाही. परंतु उपचारांनी ते आटोक्यात राहतात. यकृतशोथ-ब आणि पॅपिलोमा विषाणू यांवर प्रतिबंधक लसी उपलब्ध आहेत.

या आजारांची व्याप्ती मोठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, २०२० या एका वर्षात पंधरा ते एकोणपन्नास या वयोगटात पहिल्या चार, म्हणजे बऱ्या होणाऱ्या आजारांची सुमारे ३७ कोटी ४० लाख नवी संक्रमणे झाली. दर दिवशी दहा लाखांहून अधिक, असे हे प्रमाण आहे.

बाधित व्यक्तीशी असुरक्षित लैंगिक संबंध हा प्रसाराचा मुख्य मार्ग होय. उपदंश, एचआयव्ही आणि यकृतशोथ-ब हे आजार बाधित रक्तातून, तसेच बाधित मातेकडून तिच्या बाळालाही होऊ शकतात. म्हणून ज्याला असा आजार झाला त्याचे वर्तन वाईटच असले पाहिजे, हा समज निराधार आहे. एकनिष्ठ पत्नीला पतीकडून किंवा पतीला पत्नीकडून आजार होऊ शकतो. नवजात बाळालाही होऊ शकतो. एचआयव्हीसारखे संक्रमण हस्तांदोलनाने, एका ताटात जेवल्याने, एका खोलीत राहिल्याने किंवा डास चावल्याने होत नाही.

दिसणारी आणि न दिसणारी लक्षणे

लघवी करताना जळजळ होणे, जननेंद्रियातून पू किंवा घाण वास येणारा स्राव येणे, जननेंद्रियावर व्रण, फोड किंवा चामखीळ उठणे, जांघेत गाठ येणे, स्त्रियांच्या ओटीपोटात दुखणे ही सर्वसाधारण लक्षणे होत. यांपैकी कोणतेही लक्षण आढळल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

परंतु केवळ लक्षणांवर विसंबणे धोक्याचे असते. उपदंशाचे उदाहरण पाहावे. संक्रमणानंतर साधारणपणे तीन आठवड्यांनी न दुखणारा व्रण उठतो आणि आपोआप भरून येतो. त्यानंतर काही आठवड्यांनी अंगावर, विशेषतः तळहात व तळपाय यांवर पुरळ उठते. तेही जाते. पुढे अनेक वर्षे बाहेरून काहीच दिसत नाही. रोग मात्र आत असतो आणि उपचार न झाल्यास काही रुग्णांत हृदय, रक्तवाहिन्या, मेंदू यांना ग्रासतो. भोंदू वैद्यांचा व्यवसाय या लपंडावावर चालतो. रोग स्वतःहून दडतो आणि श्रेय पुडीला मिळते.

क्लॅमिडियाची बाधा झालेल्या बहुसंख्य स्त्रियांना कोणताही त्रास जाणवत नाही. परम्याच्या बाबतीतही अनेक स्त्रियांचा असाच अनुभव असतो. उपचाराविना राहिलेला हा आजार गर्भाशय व गर्भनलिका यांच्यापर्यंत पोहोचतो. त्यातून तीव्र वेदना, गर्भाशयाबाहेर गर्भ राहणे, वंध्यत्व असे परिणाम संभवतात. ज्या समाजात मूल न झाल्याचा दोष स्त्रीच्या माथी मारला जातो, तेथे हे दुखणे तिला दोनदा सोसावे लागते. पॅपिलोमा विषाणूचे काही प्रकार दीर्घकाळ शरीरात राहिले तर गर्भाशयमुखाचा कर्करोग होऊ शकतो. याशिवाय, व्रण किंवा दाह असलेल्या व्यक्तीला एचआयव्हीची बाधा अधिक सहजपणे होते.

वसा आणि अमिर्झा

हथखोजच्या खोलीतील पुरुष बोलत नाही. गावाकडची त्याची पत्नीही बोलत नाही. तिचे हे न बोलणे किती खोल असते, याचा पुरावा छत्तीसगडच्या सीमेला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यातून मिळाला. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तेथे 'सर्च' ही संस्था उभारून आरोग्यकार्य सुरू केले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ असलेल्या राणीताईंनी गावातील स्त्रियांचा विश्वास संपादन केला, म्हणूनच हे काम होऊ शकले. या अभ्यासाचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात १९८९ साली प्रसिद्ध झाले.

तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजारांपैकी एक वा अनेक आजार होते. प्रत्येक स्त्रीमागे आजारांची सरासरी ३.६ इतकी होती आणि त्यांतील निम्मे आजार जननमार्गाच्या संसर्गाचे होते. पूर्वी कधी अशी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या.

या आकड्यांचा अर्थ काळजीपूर्वक समजून घेतला पाहिजे. हे सर्व आजार लैंगिक संबंधांतून आलेले नव्हते. जननमार्गाचे काही संसर्ग शरीरातील जंतूंचा समतोल बिघडल्याने, तर काही अस्वच्छ बाळंतपण वा गर्भपात यांमुळेही होतात. तपासणीवाचून त्यांतील भेद कळत नाही. अंगावरून पांढरे जाणे, कंबर व ओटीपोट दुखणे हे बाईच्या जातीला असायचेच, अशी समजूत आजही अनेक घरांत आढळते. ज्याला दुखणे मानलेच जात नाही, त्यासाठी दवाखान्यात कोण जाणार? वसा आणि अमिर्झा येथील अभ्यासाने ही गोष्ट जगासमोर आणली. माता आणि मूल एवढ्यापुरता मर्यादित असलेला स्त्रियांच्या आरोग्याचा विचार त्यामुळे अधिक व्यापक होण्यास मदत झाली.

बोलण्याची किंमत मोजणारे

या विषयावर मराठीत उघडपणे बोलण्याची परंपरा त्याहून जुनी आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ज्येष्ठ पुत्र रघुनाथ धोंडो कर्वे हे गणिताचे प्राध्यापक होते. संततिनियमनाच्या प्रचारासाठी त्यांनी नोकरी गमावण्याचीही तयारी ठेवली. मुंबईत त्यांनी संततिनियमनाचे केंद्र चालवले, 'गुप्तरोगापासून बचाव' हे पुस्तक लिहिले आणि जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले. लैंगिक प्रश्न हे आरोग्याचे प्रश्न आहेत, त्यांची चर्चा संकोच न बाळगता आणि शास्त्राच्या आधारे झाली पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. या लेखनासाठी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले भरले गेले. १९३४ सालच्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. खटल्याचा निकाल कर्व्यांच्या विरुद्ध लागला आणि त्यांना दंड झाला. तरीही १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी मासिक चालवले. त्यांच्या हयातीतच पेनिसिलीनने उपदंश बरा होतो, हे १९४३ साली सिद्ध झाले. त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांच्या आत पुण्याजवळील पिंपरीच्या सरकारी कारखान्यात पेनिसिलीन तयार होऊ लागले.

सांगलीतील अनुभवही बोलका आहे. तेथे 'संग्राम' या संस्थेने १९९२ पासून वेश्याव्यवसायातील स्त्रियांबरोबर काम सुरू केले. ज्यांना रोगाचे मूळ म्हणून हिणवले जात होते, त्या स्त्रियांनीच एकमेकींना माहिती देण्याचे आणि निरोध वाटण्याचे काम हाती घेतले. पुढे 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' ही त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली. माहिती आणि सन्मान मिळाला की माणसे स्वतःच्या आरोग्याची जबाबदारी घेतात, हे या कार्यातून दिसून आले.

उपचार आणि अधिकार

सुरुवातीच्या अवस्थेतील उपदंशावर बेंझाथिन पेनिसिलीनचे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेले एक इंजेक्शन बहुधा पुरेसे होते. भोंदू वैद्याला दिलेल्या पैशांच्या तुलनेत त्याचा खर्च नगण्य असतो आणि सरकारी रुग्णालयात तोही पडत नाही. गर्भवतीची उपदंशासाठी तपासणी करून वेळीच उपचार केल्यास बाळाला होणारी बाधा टाळता येते. पाठाच्या आरंभी उल्लेखिलेले मूल वाचू शकले असते, ते अशा एका तपासणीने.

शासकीय रुग्णालयांत या आजारांवरील उपचारांसाठी स्वतंत्र केंद्रे असतात. अनेक ठिकाणी ती 'सुरक्षा क्लिनिक' या नावाने ओळखली जातात. रुग्णाच्या लक्षणांवरून त्वरित उपचार करता यावेत म्हणून राष्ट्रीय कार्यक्रमात औषधांचे सात संच ठरवून त्यांना करडा, हिरवा, पांढरा असे वेगवेगळे रंग देण्यात आले. एचआयव्हीच्या तपासणीसाठी समुपदेशन व चाचणी केंद्रे आहेत. तेथे चाचणी विनामूल्य होते आणि तिचा निकाल गोपनीय ठेवला जातो. एचआयव्हीवरील औषधे सरकारी केंद्रांतून २००४ पासून मोफत मिळतात. ती नियमित घेऊन विषाणूचे रक्तातील प्रमाण चाचणीत न आढळण्याइतके कमी झाले आणि तसेच राहिले, तर लैंगिक संबंधांतून दुसऱ्याला संक्रमण होत नाही. १०९७ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर आपले नाव न सांगताही माहिती विचारता येते.

उपचारांच्या बाबतीत तीन नियम पाळणे आवश्यक असते. पहिला, औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत आणि बरे वाटले तरी ती मध्येच सोडू नयेत. अर्धवट व अनावश्यक औषधांमुळे जंतू औषधांना दाद देईनासे होतात. परम्याच्या जंतूंबाबत जगभर हा प्रश्न गंभीर झाला आहे. दुसरा, पती आणि पत्नी किंवा जोडीदार या दोघांचेही उपचार व्हावेत. एकाच्याच उपचाराने आजार घरातून जात नाही. बरा झालेला जोडीदार दुसऱ्याकडून पुन्हा बाधित होतो. तिसरा, उपचार पूर्ण होईपर्यंत लैंगिक संबंध टाळावेत.

कायदाही रुग्णाच्या बाजूने आहे. २०१७ साली संमत झालेला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेला एचआयव्ही व एड्सविषयक कायदा संमतीवाचून चाचणी करण्यास आणि रुग्णाची माहिती उघड करण्यास मनाई करतो. एचआयव्ही आहे या कारणावरून नोकरी, शिक्षण, उपचार किंवा निवास यांबाबत भेदभाव करणे या कायद्याने निषिद्ध ठरवले आहे. हथखोजच्या कामगारालाही हे संरक्षण लागू आहे.

प्रतिबंध

निरोधाचा योग्य आणि नियमित वापर हे लैंगिक संक्रमण टाळण्याचे प्रभावी साधन आहे. भारत सरकारने १९६८ मध्ये 'निरोध' या नावाने ते स्वस्तात उपलब्ध करून दिले, तेव्हापासून तोच शब्द मराठीत रूढ झाला. जोडीदारांची परस्परनिष्ठा, रक्त घेताना ते तपासलेले असल्याची खात्री, निर्जंतुक सुई, गर्भवतीची वेळेवर तपासणी आणि लसीकरण हे इतर उपाय होत. यकृतशोथ-ब ची लस बालकांच्या राष्ट्रीय लसीकरणात समाविष्ट आहे. पॅपिलोमा विषाणूवरील लस नऊ ते चौदा वर्षे वयाच्या मुलींना देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या अशा लसीला २०२२ साली भारतात परवानगी मिळाली.

या सर्व उपायांच्या आधी एक पायरी आहे, ती म्हणजे बोलण्याची. पुन्हा हथखोजच्या त्या खोलीकडे वळावे. व्रण दिसल्यावर तो कामगार सरकारी दवाखान्यात जातो, अशी आता कल्पना करावी. डॉक्टर त्याला तपासतात, इंजेक्शन देतात आणि पत्नीचीही तपासणी व्हायला हवी, असे सांगतात. ही गोष्ट तिला सांगणे त्याला सोपे जात नाही. तिला राग येतो, दुःख होते. घरात काही दिवस अबोला राहतो. तरीही ती तपासणीला जाते. पुढे तिला दिवस जातात तेव्हा तिच्या पोटातील बाळाला त्या आजाराचे भय उरलेले नसते. दोन्ही प्रसंगांत व्रण तोच, जंतू तोच आणि दवाखानाही तोच आहे. फरक पडतो तो दुखणे सांगितल्यामुळे.

स्वाध्याय

१. उपदंशाचा व्रण आपोआप भरून येतो, याचा गैरफायदा भोंदू वैद्य कसा घेतात, ते स्पष्ट करा.
२. वसा आणि अमिर्झा येथील अभ्यासातून कोणत्या गोष्टी उघड झाल्या?
३. पती-पत्नी दोघांचेही उपचार एकाच वेळी होणे का आवश्यक असते?
४. 'गुप्तरोग' आणि 'लैंगिक संक्रमण' या दोन शब्दांतून व्यक्त होणाऱ्या दृष्टींतील फरक तुमच्या शब्दांत लिहा.
५. तुमच्या परिसरात कोणती दुखणी लाजेपोटी अंगावर काढली जातात? त्यामागील कारणांविषयी दहा ओळी लिहा.